काशचे पाच दिवस

"उशिरा आलेल्यांनी कृपया समुद्रातून चालू नये," दीनानाथकाका म्हणाले आणि अंधारात खसखस पिकली.

शनिवार पेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलचे पडदे ओढलेले होते. भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यावर निळाशार समुद्र पसरला होता आणि त्या समुद्रातून, प्रोजेक्टरच्या झोतासमोरून, एक उंच सावली वाकून वाकून पलीकडे चालली होती. तिच्यामागून एक बुटकी सावली, डोक्यावर पदर घेतलेली.

"सॉरी हं सर. गाडी लावायला जागा मिळेना."

लॅपटॉपपाशी बसलेल्या कल्याणीचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं.

आवाज ओळखायला तिला पुढचं वाक्य लागलंच नाही. शब्द थोडे लांबवत, कुणाला घाई नसल्यासारखं बोलणारा हा आवाज... अडीच वर्षांत तिने तो एकदाही ऐकला नव्हता. तरी तो जणू रोज कानाशी असल्यासारखा ओळखीचा होता.

काकांना यातलं काही कळलं नाही. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. कल्याणीच्या वडिलांचे थोरले भाऊ, लग्न न केलेले. नकाशावर काठी ठेवून आयुष्यभर देश शिकवले आणि निवृत्तीनंतर त्यातला एकच देश प्रत्यक्ष पाहिला, तुर्कस्तान. बरोबर पुतणीला नेलं होतं. आता त्यांना नेणारी तीच प्रवासकंपनी पुढच्या मे महिन्यात नवा गट नेणार होती आणि जाणाऱ्यांना चार अनुभवाच्या गोष्टी सांगायला काकांना बोलावलं होतं. काकांनी एकच अट घातली होती: खरेदीबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत.

"तर हे गाव काश," काका काठी टेकवून म्हणाले. "हिंदीतलं काश नव्हे. दक्षिण किनाऱ्यावरचं छोटं गाव. आपण इथे पाच दिवस मुक्काम करायचा आणि रोज सकाळी कुठेतरी सहलीला जायचं. संध्याकाळी परत. गावात मांजरं फार. त्यांना आपलं जेवण द्यायचं नाही, ती मागणारच. कल्याणी, पुढे."

तिने कळ दाबली. पडद्यावर हॉटेलची गच्ची आली. पांढऱ्या भिंतीवर चढलेली बोगनवेल, खाली बंदर, आणि टेबलावर काचेच्या चिमुकल्या पेल्यातला कोरा चहा.

त्याच टेबलापाशी तो पहिल्यांदा भेटला होता.

बावीस जणांच्या गटात साठीच्या आतली माणसं दोनच. पहिल्या सकाळी तो त्या चिमुकल्या पेल्याकडे हताशपणे बघत उभा होता. मागे खुर्चीत नऊवारीतली त्याची आई, मथुराबाई, समुद्राकडे पाठ करून बसलेली. दुधाचा चहा मिळाल्याशिवाय ती समुद्राकडे बघणार नव्हती.

"दुधाची पावडर आहे माझ्याकडे," कल्याणी म्हणाली होती आणि डबा उघडून तिने दोन चमचे पेल्यात टाकले होते.

तो हसला. "सदाशिव पेठ?"

"कसं ओळखलंत?"

"चमचा सपाट करून दिलात."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही?"

"वाघोली. रणजित."

"तरीच. तुमची नजर चमच्यावर नाही, आख्ख्या डब्यावर आहे."

तो इतका मोकळा हसला की मथुराबाईंनी वळून पाहिलं. वळल्या ते वळल्या, आणि समोर अचानक तो सगळा समुद्र. चहा हातात येईपर्यंत त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. संध्याकाळपर्यंत कल्याणीने तो डबा त्यांच्या पिशवीत टाकला होता. काका म्हणाले, "तुझा हात एवढा सैल कधी झाला?"

"पुढे," काका आता म्हणत होते. "साक्लिकेंट. ही घळ आहे. दोन्ही बाजूंना कडे, मधून बर्फाचं वितळलेलं पाणी. मे महिन्यातसुद्धा पाय बधिर होतात. तिथे प्लास्टिकचे बूट भाड्याने मिळतात, ते घ्या. आपले नवे बूट घालून मिरवू नका."

पडद्यावरचा फोटो पाहून कल्याणीला खाली बघावंसं वाटलं. गुडघाभर पांढुरक्या पाण्यात रणजित उभा होता. पँट दुमडलेली, केस विस्कटलेले. त्याच्यामागे ती.

"हे आमच्याबरोबरचे एक गृहस्थ," काका म्हणाले. "यांच्या डाव्या हातात माझी पिशवी आहे. उजव्या हातात माझी पुतणी."

हॉल हसला. तिसऱ्या रांगेत, जिथे ती उंच सावली जाऊन बसली होती, तिथून मात्र काहीच आवाज आला नाही.

पाण्याला ओढ होती त्या दिवशी. दोरी धरून चालायचं, आणि दोरी तर निसरडी. तिचा पाय दगडावरून सटकला तेव्हा त्याने मनगट पकडलं.

"हात सोडू नका," तो म्हणाला.

"मी धरलेलाच नाहीये. तुम्ही धरलाय."

"मग सोडू?"

पाणी पायांत घुमत होतं. वर, दोन कड्यांच्या मधे, आभाळाची एक चिंचोळी पट्टी.

"...पलीकडे गेल्यावर," ती म्हणाली.

पलीकडे गेले. वाळू लागली, कोरडे दगड लागले, लिंबाचं सरबत विकणारा माणूस लागला. त्याने विचारलं, दोन का? रणजितने उजवा हात वर करून दोन बोटं दाखवायला घेतली, तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं की तो हात मोकळा नाही.

"पुढे. कल्याणी, झोपलीस का?"

केकोवा. बोटीतून जायची सहल. काचेच्या तळाची बोट, आणि खाली हिरव्या पाण्यात पायऱ्या, भिंती, एखादी कमान. भूकंपात किनारा खचला आणि गावाचा एक भाग पाण्यात गेला, सुमारे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी. काका हे सगळं तेव्हाही सांगत होते, आजही तसंच सांगत होते. पण तेव्हा मथुराबाई काचेवर ओणवून बघत होत्या, आणि मधेच त्यांनी विचारलं होतं, "मानसं गेली का हुती निघून आधी?"

"ते सांगता येत नाही," काका म्हणाले.

"आमाला तर सांगून-सवरून उठवलं. माझं म्हायेर आंबेगावाकडचं. माझं लगीन झालं, मी वाघोलीला आले, आन मागं धरनात समदं गाव गेलं. उन्हाळ्यात पानी उतरलं की देवळाचा कळस दिसतो म्हनत्यात."

"तुम्ही पाहिला?" कल्याणीने विचारलं.

"न्हाई. कधी गेलेच न्हाई बघाया. आपलं अंगन पान्यात कसं बघायचं गं?"

मग त्या बोट वळेपर्यंत खालच्या पायऱ्यांकडे बघत राहिल्या, आणि कल्याणीने त्यांचा खरखरीत हात आपल्या मांडीवर धरून ठेवला. दुपारी बोट एका खाडीत थांबली, बाकीचे पाण्यात उतरले. रणजित तिच्याजवळ येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ती कधी गेलीच नाही बघायला, हे मला माहीतच नव्हतं."

"तुम्ही विचारलं होतं कधी?"

"नाही." तो म्हणाला, "आमच्याकडे कुणी विचारत नाही. आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही."

हे वाक्य तिला नंतर कितीदा तरी आठवलं. परदेशात, एकटीने भाजी चिरताना, ट्रामची वाट बघताना.

पाताराचा किनारा आला. मैलोन्‌मैल वाळू. "इथे कासवं अंडी घालतात, त्यामुळे संध्याकाळी किनारा बंद होतो. आपल्याला उठवायला येतात. वाद घालू नका, कासवं आपल्या आधीपासून येतायत," काका म्हणाले. त्या दिवशी काका छत्रीखाली नकाशा उघडून बसले होते. मथुराबाई पायांवर ऊन वाळू ओढून डोळे मिटून पडल्या होत्या. आणि ते दोघं पाण्याच्या कडेकडेने चालत इतके लांब गेले होते की मागची माणसं तिळाएवढी झाली. तो त्याच्या गुलाबांबद्दल सांगत होता. वडिलांनी बाकीची जमीन बिल्डरला दिली, दोन एकर मात्र याने हट्टाने ठेवली. त्यात पॉलीहाऊस, आणि आत नुसते गुलाब.

"वास येतो?"

"बाजारात चालणाऱ्या गुलाबांना वास नसतो. पण चार झाडं गावठी लावलीत. विकायला नाहीत ती."

"मग कशाला?"

"असंच. कुणी आलं तर दाखवायला." त्याने वाळूत पायाच्या अंगठ्याने रेघ ओढली. लाटेने पुसली. "तुम्ही... तू येशील?"

"मला तू म्हणालात."

"चुकून."

"मग दुरुस्त करा."

"नको," तो म्हणाला. "राहू दे."

आणि ती हसली होती. संध्याकाळी मीठ आणि ऊन घेऊन हॉटेलवर परतताना बसच्या खिडकीला डोकं टेकून ती झोपल्याचं सोंग करत होती, कारण वळली असती तर तोंडावरचं हसू काकांना दिसलं असतं.

"पुढे. हे शेवटचं ठिकाण. कायाकोय."

डोंगरउतारावर शेकडो दगडी घरं. एकालाही छप्पर नाही.

"शंभर वर्षांपूर्वी दोन देशांनी आपापसांत माणसांची अदलाबदल केली. इथले ग्रीक गेले, ते परत आले नाहीत. घरं उभी आहेत," काका म्हणाले. त्यांचा आवाज इथे जरा खाली आला. "पुढे."

पुढचा फोटो कल्याणीने कधी पाहिला नव्हता. काकांनी लांबून, पाठमोरा काढला होता. एका पडक्या भिंतीवर ती आणि रणजित. मधे दोन माणसं सहज बसतील एवढं अंतर. मागे अंजिराचं झाड.

काकांना फक्त ते झाड हवं होतं. "दगडातून उगवलेला अंजीर बघा," ते म्हणाले.

तिला मात्र तो क्षण आठवला. तो काहीतरी बोलणार होता. सकाळपासून त्याचे हात खिशात जात होते, बाहेर येत होते. आणि त्याच्या आधी तिलाच वाटलं की खरं सांगून टाकावं.

"मी ऑक्टोबरात जर्मनीला चाललेय. फिजिओथेरपीत मास्टर्स करायला. अॅडमिशन झालीय."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. मग बघू."

त्याने अंजिराचं एक पान खुडलं. बराच वेळ त्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "जा की. चांगलं आहे. बिनधास्त जा." आणि आईने हाक मारल्याचं सांगून उठला. आईने हाक मारली नव्हती. मथुराबाई खाली बसमध्ये झोपल्या होत्या.

त्यानंतर पुण्यात आल्यावर काही मेसेज झाले. आईला दुधाची पावडर आवडली. काका कसे आहेत. मग सणांच्या शुभेच्छा. मग तेही नाही. एवढ्या सहज जा म्हणणाऱ्या माणसाला आपण काय लिहायचं, असं तिला वाटत राहिलं. आणि दोन वर्षं निघून गेली.

"कल्याणी, पुढे. कल्याणी."

तिने कळ दाबली. पडद्यावर 'धन्यवाद' आलं आणि दिवे लागले.

तिसऱ्या रांगेत रणजित उभा होता. कानाशी दोन पांढरे केस आले होते, बाकी तसाच. जर्मनीत असायची ती इथे कशी, हे अजून उमगत नसल्यासारखा तो तिच्याकडे बघत होता.

लोक काकांभोवती जमले. तिथे वरण-भात मिळतो का, आणि खरेदीला वेळ असतो का, असं कुणीतरी विचारलंच. तेवढ्यात पदरवाली बाई कल्याणीसमोर येऊन थांबली.

"तू कल्यानी न्हवं? मी गोदाबाई, मथुराक्काची धाकली भैन. अक्का लई सांगती तुझं. तिचं बघून मीबी निघाले आता."

"मथुराकाकू नाही आल्या?"

"गुडघ्याचं आपरेशन झालं की तिचं. दीड महिना झाला, खाटंवरनं उठंना. म्हनती, रणजितचं दोनाचं चार झाल्याबगर चालायची न्हाई. म्हनून यत्या रविवारी चाकनला जायचंय, पोरगी बघाया." आणि मागे वळून त्या म्हणाल्या, "काय रं, बरुबर न्हवं?"

उत्तराची वाट न पाहता गोदाबाई फॉर्म भरायला रांगेत गेल्या.

"खाली येतेस?" तो म्हणाला.

खाली गल्लीत स्कूटरींची दाटी होती. 'येथे वाहन लावल्यास चाकातली हवा आमची' अशी पाटी होती आणि बरोबर तिच्याखाली रणजितची गाडी. दोघं गाडीला टेकून उभे राहिले, मधे पुन्हा तेवढंच अंतर.

"कधी आलीस?"

"ऑक्टोबरात."

"परत कधी जायचं?"

"जायचं नाही. शिक्षण झालं, वर्षभर थांबायचा आग्रह झाला, मी नाही म्हणाले. सदाशिव पेठेतच एका दवाखान्यात काम करते सध्या."

त्याने गाडीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने एक रेघ ओढली.

"कळवलं नाहीस."

"तू कुठे काय विचारलंस?" ती म्हणाली, आणि मग स्वतःला आवरायच्या आत पुढचंही बोलून गेली. "दोन वर्षांत एकदाही नाही. मला वाटलं, तुझं लग्न झालं असेल, तू विसरला असशील..."

"मी जर्मन शिकत होतो."

"काय?"

"जर्मन. तुमच्या घराच्या मागच्याच गल्लीत क्लास आहे ना, तिथे. शनिवार-रविवार सकाळी आठ वाजता. सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं, आणि मागच्या बाकावर मी. बाई मला काका म्हणायच्या."

तिला हसू आलं आणि अर्ध्यातच राहिलं. ती ज्या घराच्या खिडकीत वाढली, त्या खिडकीखालून हा दर शनिवारी जात होता. आणि ती तिकडे, थंडीत, याचा मेसेज येईल म्हणून फोन उशाशी घेऊन झोपत होती.

"का पण?"

"तू 'मग बघू' म्हणाली होतीस. म्हटलं, नाही आली परत तर आपणच जाऊ. तिथेही गुलाब लावत असतील." तो खाली बघून बोलत होता. "पहिल्या परीक्षेत नापास झालो. आता नापास झाल्याचं काय कळवायचं? दुसऱ्यांदा पास झालो. कागदपत्रं जमवायला लागलो, तर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आणि तुझा शेवटचा मेसेज दिवाळीचा होता. त्यात नुसता एक दिवा. एका दिव्यावर माणूस जर्मनीपर्यंत कसा येणार?"

"बोल बघू काहीतरी."

"काय?"

"जर्मन."

त्याने आजूबाजूला पाहिलं. कान लाल झाले. मग शाळेतल्या मुलासारखा सरळ उभा राहून, एकेक शब्द तोलत म्हणाला, "इश... हाबं... दिश... फेरमिस्ट."

मला तुझी आठवण येत होती. ती दोन वर्षं हे वाक्य ऐकत होती. ट्राममध्ये, स्टेशनवर, लोक फोनवर एकमेकांना म्हणायचे. तिला कुणी म्हणालं नव्हतं.

"क्रियापद शेवटी लावलंस," ती कशीबशी म्हणाली. "बरोबर आहे."

"त्याच्यावरच नापास झालो होतो."

"मराठीतही शेवटीच येतं रे. मग मराठीत का नाही म्हणालास, कायाकोयला?"

"म्हणालो असतो तर तू गेली नसतीस."

कल्याणीने मान हलवली.

"गेले असते," ती म्हणाली. "गेलेच असते. पण माहीत असतं, तर ती दोन वर्षं बरी गेली असती."

तो बघत राहिला. आपण मोठी मेहेरबानी केली असं एखाद्याने मनात जपावं आणि ती मेहेरबानी नव्हतीच असं त्याला कळावं, तसा त्याचा चेहरा झाला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"माझंही. मी एक दिवा पाठवला." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. आता बोलायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. "रविवारी चाकणला जाऊ नकोस."

"मावशीने शब्द दिलाय. तिला काय सांगू?"

"सांग, मुलगी बघून झालीय. पाच दिवस, रोज. समुद्राकाठी. पसंत होती की नव्हती, तेवढं तूच सांग."

रणजितने मधलं अंतर तेवढं पार केलं आणि तिचा हात धरला. साक्लिकेंटला धरला होता तसाच, मनगटापाशी, घट्ट.

"पसंत होती," तो म्हणाला. "आहे."

वरून काकांचा आवाज आला. प्रोजेक्टरची वायर कुणी गुंडाळायची, असं ते जिन्यालाच विचारत होते. कल्याणीने हात सोडवला नाही.

"काकूंचा गुडघा किती वाकतो?"

"माहीत नाही. वाकवतच नाही ती."

"दीड महिना झाला ना? आखडला तर पुन्हा त्रास होईल. गाडीत जागा आहे?"

मग त्या दुपारी ती वाघोलीला गेली. मागच्या सीटवर काका प्रोजेक्टर मांडीवर घेऊन बसले, शेजारी गोदाबाई; त्यांनी जिना उतरतानाच दोघांचे धरलेले हात पाहिले होते. काकांनी एकदा विचारलं, "आपण नक्की कुठे चाललोय?" तेव्हा गोदाबाईच म्हणाल्या, "आवं, पोराला बघाया पोरगी निघालीय. तुमी गप बसा." काका येरवड्यापर्यंत खरंच गप्प बसले. मग म्हणाले, "तरीच साक्लिकेंटला तो हात सुटत नव्हता," आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मथुराबाई खाटेवर पडून होत्या. कल्याणीला दारात बघून त्या उठायला गेल्या. तिने त्यांना तसंच झोपवलं, कपाळाला कपाळ टेकवलं, आणि काही बोलायच्या आत टाचेखाली हात घालून गुडघा हळूहळू वाकवायला सुरुवात केली. मथुराबाई दात-ओठ खात होत्या.

"दहा वेळा फक्त. मोजते मी. एक... दोन..."

रणजित दाराशी उभा होता. मथुराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पोरीकडे. मग पुन्हा त्याच्याकडे, जरा जास्त वेळ. आयुष्यभर ज्यांनी विचारल्याशिवाय मनातलं फारसं सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "गोदे, चाकनला फोन लाव. त्यानला म्हनावं, दुसरं स्थळ बघा. आमचं जमलं."

"सात... नऊ..." कल्याणी म्हणाली आणि थांबली. आकडा चुकला होता.

तिने खाली मान घालून पुन्हा एकपासून सुरुवात केली.